झोपाळू की आजारी?

झोपाळू आणि आळशी हे शब्द आपण सहसा जोडीनेच वापरतो. ही जोडी मोडण्यात एका विद्यापीठाच्या रुग्णालयाचा मोठा वाटा आहे. त्याची ही थोडक्यात हकिकत.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवले, की झोपेत ठरावीक काळाने मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात. म्हणजे मेंदू रात्रभर नुसता पडून नसतो. तेथेच वैद्यकशास्त्र शिकणारे विल्यम डिमेंट पुढे कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. १९७० मध्ये त्यांनी तेथे झोपेच्या विकारांसाठी दवाखाना सुरू केला. जगातला असा पहिला दवाखाना म्हणून तो ओळखला जातो.

१९७२ मध्ये फ्रान्सहून क्रिस्तियाँ गिलेमिनो तेथे आले. मेंदूच्या आलेखाबरोबर श्वास आणि हृदयाचे ठोकेही रात्रभर नोंदवले जाऊ लागले. घोरता घोरता श्वास थांबतो, मेंदू क्षणभर जागा होतो, पुन्हा तेच. सकाळी रुग्णाला यातले काही आठवत नाही. १९७६ मध्ये या विकाराला 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' हे नाव मिळाले. गंभीर रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करावी लागे. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देण्याचा उपाय मांडला, तेव्हा ती वेळ क्वचितच येऊ लागली.

दिवसाची पेंगही मोजता आली. मेरी कार्स्काडन आणि डिमेंट यांच्या चाचणीत रुग्णाने दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत आडवे व्हायचे. किती मिनिटांत झोप लागते ते पाहायचे. काही जणांना भर दिवसा अनावर झोप येते. तो नार्कोलेप्सी हा आजार. स्टॅनफर्डमध्ये तो असलेली कुत्री सांभाळून वर्षानुवर्षे अभ्यास झाला. १९९९ मध्ये एमान्युएल मिन्यो यांच्या गटाला त्या कुत्र्यांमधील सदोष जनुक सापडला. पुढच्याच वर्षी दिसले, की असे रुग्ण असलेल्या माणसांच्या मेंदूत जागे ठेवणारे हायपोक्रेटिन हे द्रव्य बनवणाऱ्या बहुतेक पेशी उरलेल्या नसतात.

हा आजार बहुधा शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतो. आपल्यातले जे शिक्षक झाले, त्यांनी रोज पेंगणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी एकदा त्याच्या आईवडिलांशी बोलावे. आणि मित्रहो, आपले घोरणे आपल्याला ऐकू येत नाही. श्वास मध्येच अडतो असे घरचे म्हणत असतील, तर ते हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.