देवगडचे गोंड राज्य : निवाड्याला बोलावलेला तिऱ्हाईत

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात गोंड राजे बहुधा प्रस्तावनेपुरतेच येतात. बख्त बुलंद नागपूर वसवतो, पान उलटते, आणि रघूजी भोसले प्रवेश करतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या आमच्या गोंदिया जिल्ह्याचे नाव कोणी गोंडांवरून आले असे सांगतात, कोणी गोंदावरून म्हणजे डिंकावरून. तो वाद राहू द्या. वैनगंगेच्या या खोऱ्यातील वस्तीची घडण समजून घ्यायची तर मात्र त्या प्रस्तावनेपाशी थांबावेच लागते.

देवगडचा किल्ला आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त जाटबा या गोंड अधिपतीपाशी २,००० स्वार, ५०,००० पायदळ आणि शंभरावर हत्ती असल्याची नोंद आढळते. दरबारी आकडे अक्षरशः घेऊ नयेत, परंतु ज्याची एवढी मोजदाद ठेवावी लागली तो निव्वळ रानातला टोळीप्रमुख नव्हता, हे उघड आहे. खंडणी थकली की मोगल फौज येई : १६३७ मध्ये खान दौरान आला, १६६७ मध्ये दिलेरखान. फौज परतली की राज्य पुन्हा आपल्या चालीने चाले.

बख्त बुलंदाचा उदय घरातल्याच वारसाकलहातून झाला. तो औरंगजेबाकडे गेला, इस्लाम स्वीकारला आणि बादशाही पाठबळावर गादी मिळवली. घराण्याचे विवाहसंबंध मात्र पुढेही गोंडांशीच होत राहिले. धर्मांतराचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरली जाते. पुढे बादशहा दक्षिणेच्या युद्धात गुंतलेला पाहून त्याने बंड केले, मराठ्यांकडेही हात पुढे केला. चिडलेल्या औरंगजेबाने त्याचे नाव ‘निगून बख्त’, म्हणजे खालावल्या नशिबाचा, असे लिहिण्याचा हुकूम काढला. शब्दांचा सूड यापलीकडे त्याचे महत्त्व नाही. राज्य वाढतच राहिले.

१७०२ मध्ये नागपूर वसले. सर रिचर्ड जेंकिन्सच्या १८२७ च्या अहवालात या राजाची मुक्त प्रशंसा आहे : त्याने हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे नेमली, दूरदूरचे कष्टाळू शेतकरी आणून गावे वसवली, आणि मराठी अंमलाचे पुष्कळसे यश त्याच पायावर उभे राहिले. पोवार नगरधनला आले आणि तेथून वैनगंगेच्या खोऱ्यात पसरले, अशी परंपरा आहे. आज आपल्या बांधावर उभा असलेला धान पिकवणारा शेतकरी भोसल्यांइतकाच गोंड राजवटीचाही वारस आहे.

बख्त बुलंदाचा पुत्र चांद सुलतान याने राजधानी नागपूरला आणली. १७३९ च्या सुमारास तो वारला आणि वली शहाने गादी बळकावली. तेव्हा चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. त्यांनी वली शहाला दूर करून अकबर शहा व बुऱ्हाण शहा या तिच्या मुलांना राज्य मिळवून दिले, मोबदला घेतला आणि ते परतले. १७४३ मध्ये हे भाऊच भांडले. बुऱ्हाण शहाने पुन्हा रघूजींनाच हाक दिली. या वेळी ते परतले नाहीत.

राणीला दोष देणे सोपे आहे, पण आम्हाला ते अन्यायाचे वाटते. जे बख्त बुलंदाने केले तेच तिने केले : घरच्या तंट्यात बाहेरचे बळ आणले. अंतर तेवढे बदलले होते. दिल्लीचा मध्यस्थ दूर होता, आणि पुढे तर दक्षिणेत अडकला. वऱ्हाडातला मध्यस्थ शेजारी होता आणि त्याला राज्य हवे होते. आफ्रिकेच्या आग्नेय भागातील न्गुनी समाजांपैकी न्द्वांद्वे राज्याची आठवण येथे होते. १८१९ च्या सुमारास शाकाच्या झुलूंनी झ्वीदे राजाला पराभूत केले आणि त्याचे राज्य पुढे मुख्यत्वे झुलूंच्या उदयकथेतला शत्रू म्हणून उरले. गोंडांच्या वाट्याला शत्रुत्वही आले नाही, केवळ प्रस्तावना आली.

बुऱ्हाण शहाला रघूजींनी नामधारी राजा म्हणून ठेवले, किल्ला आणि वर्षासन दिले. पुढे तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी भोसल्यांचे राज्य खालसा केले. गोंड राजाच्या वंशजांचे निवृत्तिवेतन त्यानंतरही चालूच होते.