ओसरलेला झटका

अर्धांगवायूचा झटका यावा आणि घटकाभरात ओसरावा, म्हणजे घरची माणसे देवापुढे साखर ठेवून मोकळी होतात. वैद्यकशास्त्रही पुष्कळ वर्षे जवळजवळ तसेच वागले, याचे मला नवल वाटते. माँट्रियलच्या मिलर फिशर यांनी १९५१ सालीच लिहिले होते, की अर्धांगाआधी कित्येकांना क्षणिक अंधत्व किंवा बधिरता येऊन गेलेली असते आणि दोष असतो मानेतल्या तुंबलेल्या रोहिणीत. तरी पुढे व्याख्या ठरली ती चोवीस तासांची! घड्याळाला मेंदूतले काय कळणार?

१९७१ साली विम्बल्डनच्या रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले छेदचित्र घेतले. पण ताजी, बारीक इजा त्यात सहसा दिसत नसे. ती दाखवली पुढच्या चुंबकीय चित्रणाने, सुजलेल्या पेशींत पाण्याची मंदावलेली हालचाल टिपून. सावरलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांच्या मेंदूत अशी इजा निघाली, आणि पुन्हा झटक्याचा धोकाही त्यांनाच अधिक. २००९ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी व्याख्येतून घड्याळ काढून टाकले.

उपाय मात्र त्याआधीच हाती आला होता. ऑक्सफर्डच्या रॉथवेल यांनी २००७ साली दाखवले, की अशा रुग्णांवर तातडीने उपचार केले, तर नव्वद दिवसांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण शेकडा दहावरून दोनवर येते.