एम्. जी. टीसीचे माफक बलवर्धन

1945 ते 1949 या काळात इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे तयार झालेल्या एम्. जी. टीसी या मोटारीचे 1250 घनसेंटिमीटरचे एंजिन सुमारे 54 अश्वशक्ती देई. वेगाच्या हौशी मालकांसाठी खुद्द कारखान्यानेच बलवर्धनाची पायरीवार पुस्तिका काढली होती. प्रथम सिलिंडरचे हेड किंचित तासून दाब वाढवावयाचा, मग मोठे कार्ब्युरेटर बसवावयाचे. परंतु ब्रिटनमध्ये 1953 च्या आरंभापर्यंत ‘पूल’ नावाचे हलक्या प्रतीचे पेट्रोलच मिळे. दाब फार वाढला की ते आपसूकच पेट घेई आणि एंजिनात ठोके वाजत. त्या मालकांचा संयम वाखाणण्यापूर्वी हे पेट्रोल ध्यानात घ्यावे, असे आम्हांस वाटते. आजच्या पेट्रोलात ती अडचण नाही. पण क्रँकदांडा तेव्हाचाच असल्यास आम्ही तरी पहिल्या पायरीवरच थांबू.