चाकाचा तोल आणि महामार्गावरची थरथर

मोटारीच्या चाकाची थरथर ही वेगाने जन्माला घातलेली व्याधी आहे. शहरातल्या रहदारीत निर्दोष भासणारी गाडी ताशी 80 ते 100 किलोमीटरच्या टप्प्यात आली की स्टिअरिंग हातात कापू लागते, आणि कधीकधी वेग आणखी वाढवला तर ही थरथर आपोआप ओसरते. या चमत्कारिक वाटणाऱ्या वागणुकीचे उत्तर साध्या गणितात आहे. सुमारे 30 सेंटिमीटर त्रिज्येचे चाक ताशी 100 किलोमीटर वेगाला सेकंदाला जवळजवळ 15 फेरे घेते. त्याच्या 14 इंची रिमच्या कडेला एका बाजूस 30 ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला ते चाकाला पावणेपाच किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी 50 किलोमीटरला तो चौथ्या हिश्श्यावर येतो आणि चालकाला जाणवतही नाही. शिवाय चाक, ब्रेक आणि त्यांना जोडलेले भाग, म्हणजे स्प्रिंगच्या खाली लोंबणारे सगळे वजन, सेकंदाला साधारण 10 ते 15 वेळा डोलण्याकडे स्वभावतःच झुकलेले असते. चाकाच्या फेऱ्यांची गती या स्वाभाविक गतीशी जुळली की धक्क्यात धक्का मिसळून कंप फुगतो, ज्याला भौतिकशास्त्रात अनुनाद म्हणतात, आणि ती जुळणी मागे पडली की तो उतरतो.

या व्याधीने मोटार उद्योगाला खरा घाम फोडला तो 1920 च्या दशकात. अमेरिकेत 1923 च्या सुमारास कमी दाबाचे, फुगीर ‘बलून’ टायर बाजारात आले, त्याच काळात पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले, आणि अखंड लोखंडी आसाच्या दोन टोकांना लटकलेली ही जड, मऊ चाके वेगात डावी-उजवी वळवळू लागली. फिरणारे चाक तिरके केले की ते भोवऱ्याप्रमाणे आडव्या दिशेनेही वळू पाहते. आस अखंड असल्यामुळे एका चाकाला बसलेला दणका दुसऱ्यालाही तिरके करी, आणि वळवळ स्वतःलाच खतपाणी घालत राही. तिला त्या काळच्या एका नाचावरून ‘शिमी’ हे नाव मिळाले होते. फ्रान्समध्ये अभियंते जॉर्ज ब्रुलिए यांनी 1925 मध्ये या विषयावर लिहिले; पुढे जनरल मोटर्समध्ये अभियंते मॉरिस ओली यांच्या प्रयोगांना फळ येऊन 1934 च्या गाड्यांत दोन्ही पुढची चाके एकमेकांपासून सुटी करणारे स्वतंत्र सस्पेन्शन आले. आरामासाठी केलेली सुधारणा म्हणून तिची जाहिरात झाली असली, तरी शिमीपासून सुटका हे तिचे मोलाचे फलित होते.

तोल मोजण्याची यंत्रे मात्र मोटारीच्या जगाबाहेरून आली. वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनसाठी आणि विजेच्या यंत्रांसाठी जर्मनीतल्या डार्मस्टाट येथील कार्ल शेंक यांच्या कारखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच अशी यंत्रे बनवली होती. गॅरेजात पहिल्यांदा पोहोचले ते त्यामानाने अगदी साधे साधन: चाक आडवे ठेवून मध्यभागीच्या बुडबुड्यावरून जड बाजू ओळखायची. त्यातून स्थिर तोल साधत असे. परंतु चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडांची वजने परस्परविरुद्ध दिशांना असतील, तर उभे चाक तोलात दिसूनही फिरताना डगमगते, आणि हा गतिज असमतोल चाक फिरवल्याखेरीज सापडत नाही.

महाराष्ट्रात या विद्येला गिऱ्हाईक उशिरा मिळाले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि अॅम्बॅसॅडर या गाड्यांच्या जमान्यात रस्ते अरुंद होते, घाट वळणांचे होते आणि ताशी 80 चा वेग सलग टिकवता येईल असे पट्टे थोडे होते. दोष चाकात असे, पण त्याला प्रकट व्हायला रस्ता नसे. त्या काळच्या मिस्त्रीची पद्धत हाताची होती. जॅकवर चढवलेले चाक वर-खाली धरून हलवायचे, बेअरिंगचा किंवा किंगपिनचा, म्हणजे पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या खुंटीचा, खेळ बोटांनी ओळखायचा, आणि चाक गरगर फिरवून टायरजवळ धरलेल्या खडूने त्याचा फुगवटा पकडायचा. धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे घातलेले नायलॉन टायर रात्रभर उभ्या गाडीखाली थोडे चपटे होत आणि सकाळचे पहिले काही किलोमीटर गाडी थडथडत चाले. टायर तापला की ती तक्रार आपोआप मिटे, त्यामुळे थरथरीकडे दुर्लक्ष करण्याची सवयही त्या टायरांनीच लावली म्हणायला हरकत नाही.

हे चित्र तीन गोष्टींनी बदलले. धागे आडवे, कडेपासून कडेपर्यंत घातलेले रेडियल टायर जे. के. टायरने भारतात 1977 मध्ये आणले. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, जिची 12 इंची लहान चाके तेवढ्याच वेगाला अॅम्बॅसॅडरच्या 15 इंची चाकांपेक्षा जास्त फेरे घेत. आणि 2002 मध्ये सुमारे 94 किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. या मार्गाने मराठी चालकाला प्रथमच सलग, न थांबता, एकाच वेगाने गाडी हाकण्याची सोय दिली, आणि चाकातला लपलेला दोष उघडा पडायला तेवढे पुरेसे होते. टायरच्या दुकानावर ‘कॉम्प्युटराइज्ड व्हील बॅलन्सिंग’ची पाटी हा नेहमीचा देखावा झाला.

त्या दुकानातले काम पाहण्यासारखे असते. कारागीर आधी रिमवरची जुनी शिशाची वजने पकडीने उपटतो, आतला वाळलेला चिखल खरवडतो, चाक यंत्राच्या दांड्यावर शंकूच्या आधाराने मध्यावर बसवतो आणि रिमचे अंतर, व्यास व रुंदी ही तीन मापे यंत्राला देतो. चाक गरकन फिरून थांबते, पडद्यावर आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे ग्रॅम उमटतात, खूण वर येईपर्यंत चाक हाताने फिरवले जाते आणि त्या जागी हातोडीने वजन ठोकले जाते. दोन्हीकडे शून्य दिसेपर्यंत हा क्रम चालतो. मात्र शंकू झिजलेला असेल किंवा रिमच्या बैठकीवर गंज असेल, तर हे शून्य यंत्रापुरतेच खरे असते.

इथेच या व्यवसायाची एक उणीव सांगितली पाहिजे. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ही दोन कामे एकत्र विकली जातात, म्हणून गिऱ्हाईक त्यांना एकच समजते. वास्तविक अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, आणि ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, टायर वाकडे झिजतात, पण केवळ त्यामुळे ती सहसा थरथरत नाही. जाणत्या मिस्त्रीचे निदान लक्षणावरून सुरू होते. स्टिअरिंग कापत असेल तर पुढची चाके, आसन आणि जमीन कापत असेल तर मागची चाके किंवा प्रॉपेलर शाफ्ट, केवळ ब्रेक दाबताना कापत असेल तर ब्रेकची डिस्क, आणि वेग घेतानाच कापत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा संशयित ठरतो. पुढची चाके मागे आणि मागची पुढे घालून पाहिले की कंप चाकाबरोबर जागा बदलतो की नाही हे कळते, आणि या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही. रिम वाकलेली असो वा टायरच्या आतल्या थरांची ताठरता असमान असो, वजने ठोकून तो दोष जात नाही; चाकावर दाबाचा रूळ टेकवून ही ताठरता मोजणारी यंत्रे अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या अखेरीस आली, पण आपल्याकडच्या सामान्य दुकानात ती दिसत नाहीत.

काँक्रीटच्या रस्त्याने निदानात आणखी एक घोळ घातला. साधारणतः साडेचार मीटरवर असलेले फरशीचे सांधे ताशी 100 किलोमीटरला सेकंदाला सहा ठोके देतात, आणि रस्त्याचा हा ठेका गाडीचा दोष समजून चाके पुन्हा पुन्हा तोलणारे चालक आढळतात. डांबरी पट्ट्यावर गाडी शांत झाली तर दोष रस्त्याचा, एवढी खूणगाठ त्यांना पुरेशी आहे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झालेल्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ताशी 80 ला खपून गेलेल्या त्याच 30 ग्रॅमचा जोर तिथे सव्वादोन पट होतो.