कढईतल्या तेलाने पेट घेतला तर...

पुऱ्या तळताना दारावर कोणी येते, फोन वाजतो आणि तेल तापत राहते. आधी धूर, मग ज्वाला. अशा वेळी आपला हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. नेमकी हीच चूक जिवावर बेतते. म्हणून घरातल्या लहान आगीबाबत प्रत्येकाला माहीत असावे असे काही आम्ही येथे देत आहोत.

पाणी का नको?

पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाते. पेटलेले तेल ३०० अंश सेल्सिअसच्याही वर तापलेले असते, तर पाणी १०० अंशांना उकळते. त्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. ती जळते तेल उसळवते आणि आग छतापर्यंत जाते.

काय करावे?

१. ज्वालेवरून हात न नेता बटण बंद करता येत असेल तर गॅस बंद करा.
२. स्टीलचे झाकण, ताट किंवा परात बाजूने सरकवत कढईवर ठेवा. हवा तुटली की आग विझते.
३. कढई पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उचलू नका. कढई उचलून बाहेर नेऊ नका. पीठ टाकू नका, तेही पेटते.

मिक्सर किंवा वायर पेटल्यास मेन स्विच बंद करा. तिथेही पाणी नको.

गॅसचा वास आल्यास

हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. दिवा-पंख्याच्या बटणाला हात लावू नका, काडी ओढू नका. घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

कपडे पेटल्यास, भाजल्यास

पळू नका, जमिनीवर झोपून लोळा. भाजलेला भाग २० मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. बांगड्या, अंगठी लगेच काढा. हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नका. चिकटलेला कपडा ओढू नका. जखम मोठी असल्यास दवाखाना गाठा.

कधी बाहेर पडावे?

आग कढईबाहेर गेली, सिलिंडरपाशी पोहोचली किंवा धूर कोंडला, तर विझवत बसू नका. सर्वांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, शेजाऱ्यांना हाक मारा, १०१ किंवा ११२ ला कळवा. वस्तूंसाठी परत आत जाऊ नका. एका खोलीच्या घरात शेगडी अनेकदा दाराजवळच असते. तिथे हा निर्णय आणखी लवकर घ्यावा लागतो.

स्वयंपाक बाईनेच करायचा, हे गृहीत धरल्यामुळे ही माहितीही तिच्यापुरतीच राहते. आग लागते तेव्हा मात्र घरात कोण असेल, सांगता येत नाही. तेव्हा आज रात्रीच घरातल्या प्रत्येकाने, मुलांनी आणि पुरुषांनीही, रेग्युलेटर स्वतःच्या हाताने बंद करून पाहावा, असे आमचे सांगणे आहे.