बेळगावहून उडालेले हंटर

दिवाळी आली की आमच्या आरमोरीत दोन गोष्टींची चाहूल एकदमच लागते. शेतातला धान कापणीला येतो आणि वडसा-आरमोरीकडे झाडीपट्टीच्या नाटकांच्या तालमींना रंग चढतो. यंदा मात्र आमच्या घरात चाललेली तालीम निराळीच होती. नागपूरला यंत्रशास्त्र शिकणारा माझा पुतण्या सुट्टीला आला, तो संगणक काखोटीला मारूनच. विमानयुद्धाच्या एका खेळात तो एक जुने विमान नव्याने घालीत होता. विमानाचे नाव हॉकर हंटर.

"काका, विमान तर उडालं. पण त्याले पाठवू कुठं? एखादी खरी मोहीम सांगा ना."

इतिहासाच्या मास्तरला एवढे निमित्त पुरे होते. पण आधी त्याचे काम समजून घ्यावे म्हणून मी त्याच्या शेजारी बसलो. हे काम चित्र काढण्याइतके सोपे नव्हे. विमानाची आकृती बेतायची, जुन्या छायाचित्रांवरून रंग चढवायचा, हे झाले वरवरचे. खरी मेहनत त्याच्या उड्डाणात. वजन किती, इंजिनाचा रेटा किती, पंखांचा विस्तार किती, वेग कमी झाला की पंख कधी दगा देतात, हे सारे गणितात बसवायचे. मग वैमानिकांसाठी छापलेल्या जुन्या पुस्तिकांतील आकड्यांशी ताडून पाहायचे. आकडा चुकला की विमान पतंगासारखे तरंगते, नाहीतर धोंड्यासारखे कोसळते.

अशा खोट्या उड्डाणाचे मूळ कोठे आहे, हे ऐकून आमच्या पेटीवाल्यांना मौज वाटेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानोंचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये सूर काढणारे भातेच वापरून लिंकने 1929 साली एक लुटुपुटीचे विमान बनविले. ते जमिनीवरच डुलायचे, कलायचे. प्रथम त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांचे. पुढे 1934 साली टपाल वाहून नेताना सैन्याचे कित्येक वैमानिक दगावले, तेव्हा कुठे अमेरिकन सैन्याने तसली सहा यंत्रे विकत घेतली. म्हणजे या विद्येचा जन्म खेळ म्हणून झाला, आणि तिला शहाणपण आले ते मरणाच्या धाकाने.

आता हंटरविषयी. सिडनी कॅम या इंग्रज रचनाकाराचे हे विमान 20 जुलै 1951 रोजी प्रथम उडाले. शत्रूची विमाने अडवावीत म्हणून ते बनविले, पण नाकाखालच्या 30 मिलिमीटरच्या चार तोफा आणि पंखांखालची अग्निबाणे यांमुळे जमिनीवर मारा करण्यातही ते तरबेज ठरले. आपल्या हवाई दलात ते 1957 पासून दाखल झाले. आणि त्याला आपल्याच मुलखात काम पडले ते गोव्याच्या मुक्तीच्या वेळी.

सोमवार, 18 डिसेंबर 1961. पहाटे पुण्याहून कॅनबेरा जातीची 12 बॉम्बफेकी विमाने निघाली आणि दाबोळीच्या धावपट्टीवर त्यांनी 63,000 पौंड बॉम्ब टाकले. मागाहून आणखी 8 कॅनबेरा येऊन गेली. त्याच दिवशी बेळगावच्या सांबरा तळावरून 6 हंटर उडाले. सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही, मध्ये फक्त सह्याद्री. अग्निबाणे आणि तोफा वापरून त्यांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले.

पुतण्याने दोन दिवस खपून ही मोहीम संगणकात रचली. बांबोळीचा फडशा पाडल्यावर दारूगोळा उरला, तेव्हा त्याने झुआरीच्या मुखावरून विमान दाबोळीकडे वळविले. तेथे उभी असलेली दोन वाहतुकीची विमाने उडविली, इमारतही पाडली. पडद्यावर गुणांचा पाऊस पडला.

"हे मात्र घडलेलं नाही," मी म्हणालो.

हवाई मोहिमेचे प्रमुख एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडून मिळालेला हुकूम स्पष्ट होता. धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारतीला धक्का लावायचा नाही. दमण आणि दीवच्या धावपट्ट्यांवर तर परवानगीवाचून हल्लाच करायचा नाही. दाबोळीवरची ती दोन विमाने हल्ल्यानंतरही जशीच्या तशी उभी होती. त्याच रात्री पोर्तुगिजांनी धावपट्टी घाईघाईने डागडुजून काही अधिकाऱ्यांची कुटुंबे विमानात बसवून बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी, 19 डिसेंबरला, गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागतीवर सही केली. 1510 पासूनची राजवट संपली.

"पण काका, शत्रूची विमानं सोडून द्यायची, तर खेळात मजा काय?"

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. गोव्यात पोर्तुगिजांपाशी एकही लढाऊ विमान नव्हते, तेव्हा आकाशातली झुंज त्या दिवशी नव्हतीच. मी एवढेच म्हटले, "बाळा, खाली जे राहत होते ते आपलेच लोक होते. ज्या विमानात बायकामुले बसून गेली, तेच तू आत्ता जाळलेस. तुझ्या विमानाचे वजन तू किलोपर्यंत बरोबर घेतलेस. मग हुकूमच कसा गाळलास?"

तो काही बोलला नाही. भाऊबीजेच्या सकाळी पाहतो तर नियम बदललेला. आता इमारतीला किंवा त्या दोन विमानांना गोळी लागली की मोहीम फसली, सारे गुण शून्य. मला म्हणाला, "काका, आता लय कठीण झालं."

मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो. हंटर सांबऱ्याहून उठला, सह्याद्री ओलांडला, बांबोळीवर सूर मारून वर आला. डावीकडे दाबोळी दिसत होती, तोफांत गोळेही शिल्लक होते. पुतण्याने बोट कळीवरून उचलले आणि विमान बेळगावकडे वळविले.