न घेतलेले पेटंट : मोनोक्लोनल प्रतिपिंडांचा शोध आणि मालकीचा प्रश्न

दि. ७ ऑगस्ट १९७५ च्या ‘नेचर’ या नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जॉर्ज कोहलर व सेझार मिल्स्टाइन हे त्याचे लेखक. केंब्रिजच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत त्यांनी सिद्ध केलेले हायब्रिडोमा तंत्र पुढे लसीकरण, रोगप्रतिकारक प्रतिसादाचा अभ्यास आणि कर्करोगनिदान या तिन्ही क्षेत्रांत मूलभूत ठरले. १९८४ मध्ये दोघांना नील्स येर्ने यांच्यासमवेत नोबेल पारितोषिकही लाभले. मात्र या तंत्राचे पेटंट कोणीच घेतले नाही. ब्रिटनमध्ये ही घटना सामान्यतः ‘हातची दवडलेली संधी’ म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही मांडणी अपुरी आहे. तंत्राचा प्रसार ज्या वेगाने झाला त्यामागे त्याच्याभोवती कुंपण नसणे हे एक प्रमुख कारण होते, आणि या शोधाचा मालक एकच ठरविणे उपलब्ध पुराव्यास धरून होत नाही.

प्रथम मूळ अडचण समजून घेणे आवश्यक आहे. शरीरात परका पदार्थ, म्हणजे प्रतिजन, शिरला की त्याविरुद्ध असंख्य प्रकारच्या पेशी निरनिराळी प्रतिपिंडे तयार करतात. लस टोचलेल्या घोड्याच्या किंवा सशाच्या सीरममध्ये या सर्वांची सरमिसळ असते, आणि दोन जनावरांचे सीरम कधीही तंतोतंत सारखे नसते. अशा मिश्रणाच्या आधारे सूक्ष्म भेद ओळखणे म्हणजे गर्दीच्या कोलाहलात एकाच माणसाचा आवाज ऐकण्याचा प्रयत्न करण्यासारखे होते. एकाच पेशीचा वंश वेगळा वाढविता आला तर तिची संतती एकच प्रतिपिंड देईल हे तत्त्वतः स्पष्ट होते. परंतु प्लीहेतील अशा पेशी प्रयोगशाळेत काही दिवसांतच मरतात. याउलट, मायलोमा या कर्करोगाच्या पेशी अमर्याद वाढतात. पण त्यांचे प्रतिपिंड कशाविरुद्ध आहे हे बहुधा ठाऊक नसते. कोहलर व मिल्स्टाइन यांनी मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील पेशींचा मायलोमा पेशींशी संयोग घडवून आणला. नंतर हे मिश्रण ‘एचएटी’ या निवडक माध्यमात वाढविले. या माध्यमात संयोग न झालेल्या मायलोमा पेशी जगू शकत नाहीत, प्लीहेच्या पेशी आपोआप मरतात, आणि उरतात त्या केवळ संकरित पेशी. एका पेशीकडून विशिष्टता आणि दुसरीकडून चिरंजीवित्व असा हा वारसा होता.

आता या प्रयोगातील साहित्य कोणाकोणाचे होते ते पाहावे. मायलोमा पेशींचे मूळ अमेरिकेतील मायकेल पॉटर यांनी खनिज तेल टोचून उंदरांत निर्माण केलेल्या अर्बुदांत होते. हवे ते प्रतिपिंड देणाऱ्या पेशी ओळखण्याची चाचणी येर्ने यांची होती. एचएटी माध्यम जॉन लिटलफील्ड यांच्या १९६४ मधील कार्यातून आले होते. पेशींचा संयोग घडविणारा सेंडाई विषाणू आधीपासून वापरात होता. यामुळे कोहलर व मिल्स्टाइन यांचे श्रेय उणावत नाही. परंतु पेटंट झाले असते तर ते बरेचसे इतरांनी मुक्तपणे दिलेल्या साहित्यावर उभे राहिले असते.

मिल्स्टाइन यांनी शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीच वैद्यकीय संशोधन परिषदेला कळविले होते. त्यांनी बेफिकिरी केली असे म्हणता येत नाही. ज्या राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाकडे हा विषय गेला, त्याचा अभिप्राय ऑक्टोबर १९७६ मध्ये आला. तंत्राचा तात्काळ व्यावहारिक उपयोग दिसत नाही, असा त्याचा आशय होता. पेनिसिलिनची मालकी अमेरिकेकडे गेल्याच्या खंतीतून जे महामंडळ १९४८ च्या कायद्याने अस्तित्वात आले, त्यानेच हे मत द्यावे हा इतिहासातील मोठाच विरोधाभास होय. अर्थात शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावर ब्रिटिश कायद्यानुसार नावीन्याचा दावा तसाही संपुष्टात आला होता.

दरम्यान मिल्स्टाइन मागेल त्याला पेशी पाठवीत होते. मागणाऱ्यांत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेचे हिलरी कोप्रोव्स्की होते. तोंडावाटे द्यावयाच्या जिवंत पोलिओ लसीचा मानवावरील पहिला प्रयोग १९५० मध्ये करणारे हेच शास्त्रज्ञ. त्यांनी व कार्लो क्रोची यांनी केंब्रिजच्या पेशींच्या साहाय्याने अर्बुदे व विषाणू यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तयार केली, आणि १९७९ व १९८० मध्ये त्यांची अमेरिकी पेटंटे मिळविली. केंब्रिजमध्ये याविषयी नाराजी उमटली, आणि ती समजण्यासारखी आहे. तथापि कोप्रोव्स्की यांच्या गटाचे वैज्ञानिक कार्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही. टाडेउश विक्टर यांच्यासमवेत त्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, जुन्या सीरमला सारखेच भासणारे रेबीज विषाणूचे वाण मोनोक्लोनल प्रतिपिंडांनी वेगवेगळे ओळखता येतात. लसीतील विषाणू आणि रोग पसरविणारा विषाणू यांत फरक असू शकतो, हा त्यातून निघणारा प्रश्न लसशास्त्राच्या दृष्टीने कळीचा होता.

कर्करोगनिदानात हाच क्रम दिसतो. अंडाशयाच्या कर्करोगातील ‘सीए १२५’ हे चिन्हक रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८० च्या दशकाच्या आरंभी मोनोक्लोनल प्रतिपिंडामुळेच गवसले. पुढे वाद मूळ तंत्रावरून न होता त्याच्या उपयोजनांवरून झाले. एकाच प्रतिजनाला दोन बाजूंनी पकडणाऱ्या ‘सँडविच’ चाचणीचे हायब्रिटेक कंपनीचे पेटंट १९८६ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने वैध ठरविले. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या रुग्णांवर देखरेख ठेवण्यासाठीची या कंपनीची पीएसए चाचणीही त्याच वर्षी मान्य झाली. मूळ तंत्र खुले राहिले. त्यातून निघालेल्या वस्तूंना मात्र मालक मिळाले.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. कुत्रा चावल्यावर लसीबरोबर द्यावयाची तयार प्रतिपिंडे दीर्घकाळ घोड्याच्या किंवा मानवी रक्तातून काढली जात होती, आणि त्यांचा पुरवठा नेहमीच अपुरा पडे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स या संस्थेसमवेत विकसित केलेले ‘रॅबिशील्ड’ हे रेबीजविरोधी मोनोक्लोनल प्रतिपिंड २०१७ मध्ये भारतात वापरात आले. त्याचा उगम पाहिला तर रेबीजची लस टोचलेले उंदीर, त्यांच्या प्लीहेतील पेशी आणि मायलोमाशी संयोग, म्हणजे केंब्रिजचीच पद्धत दिसते. मात्र हे उंदीर मानवी प्रतिपिंडांची जनुके बसविलेले होते, आणि अशा उंदरांवर पेटंट होते.